‘शी ब्लाइंडेड मी विथ सायन्स’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॉमस डॉल्बीच्या या गाण्याबद्दल मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि जुन्या सिंथेसायझरच्या (विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्याच्या) रेकॉर्डी जमवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक येतात. विज्ञानवाले विचारतात, यात विज्ञान कुठे आहे? गाणंवाले विचारतात, तो म्हातारा कोण? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे गाणं कोणाचं आणि कधीचं?

इंग्लंडच्या थॉमस डॉल्बीचं सिंथ-पॉप गाणं. ऑक्टोबर १९८२ मध्ये एकल रेकॉर्ड म्हणून निघालं. सहलेखन जो कर (Jo Kerr) यांचं. निर्मिती डॉल्बी आणि टिम फ्रीज-ग्रीन या दोघांची. गाण्यात मधूनमधून ऐकू येणारा म्हातारा आवाज मॅग्नस पाइक या खऱ्याखुऱ्या वैज्ञानिकाचा आहे (प्रश्न ४). लोकप्रियतेच्या क्रमवारीत ते अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, कॅनडात पहिल्या, आणि खुद्द इंग्लंडमध्ये मात्र ४९ व्या क्रमांकावर अडकलं. हे असं का झालं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

२. सिंथ-पॉप म्हणजे डिस्कोच ना?

नाही. नातं आहे, पण घर वेगळं. सिंथ-पॉपमध्ये गाण्याचा सगळा डोलारा सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर उभा असतो. गिटार असलीच तर पाहुणी म्हणून येते. १९७० च्या दशकात जर्मनीत याचा पाया घातला गेला आणि १९७८ ते १९८४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याला बहर आला, कारण तोवर सिंथेसायझर साध्या पोरांना परवडण्याइतके स्वस्त झाले होते. या गाण्यात डिस्कोपेक्षा फंकचा, म्हणजे ठेका आणि बासवर डोलणाऱ्या संगीताचा, अंश जास्त आहे. बास, म्हणजे खालचे जाड सूर, ऐकलेत की लगेच कळेल.

३. ‘तिने मला विज्ञानाने आंधळं केलं’, असाच अर्थ ना?

शब्दशः तसाच, पण इंग्रजीत हा जुना वाक्प्रचार आहे, आणि तो माहीत नसला तर गाण्याची अर्धी गंमत निसटते. एखाद्याला विज्ञानाने आंधळं करणं म्हणजे जड जड तांत्रिक शब्द त्याच्या अंगावर फेकून त्याची बोलती बंद करणं.

याचं मी पाहिलेलं सर्वात चोख उदाहरण म्हणजे घरोघरी पाण्याचा फिल्टर विकायला येणारा माणूस. तो दोन पेले मागतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. मग चार दांड्यांचं एक उपकरण दोन्हींत बुडवून स्विच लावतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, वर गढूळ साय येते. तो टीडीएस म्हणतो, पीपीएम म्हणतो, आणि आजी घाबरून मुलाला फोन लावते. वास्तविक तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच. वीज गेली की लोखंडी दांडीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्रातल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि ते स्वच्छ राहतं. पेल्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल.

हे झालं विज्ञानाने आंधळं करणं. डॉल्बीने हा वाक्प्रचार उचलला आणि त्यात एक ‘ती’ आणून बसवली. आंधळा होतोय तो पुरुष आणि करतेय ती बाई. प्रश्न १३ साठी हे लक्षात ठेवा.

४. मध्येच ‘सायन्स!’ म्हणून ओरडणारे गृहस्थ कोण?

डॉ. मॅग्नस पाइक (१९०८–१९९२). खरे वैज्ञानिक. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शेतकी शिकले, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या अन्न मंत्रालयात पोषणाचं काम पाहत होते. रेशनवर जगणाऱ्या देशाला पुरेसं अन्न कसं मिळेल ही विवंचना होती. त्या काळात रक्तपेढ्यांत उरलेलं, रुग्णांसाठी न वापरता येणारं रक्त खाद्यपदार्थात घालावं अशी सूचना त्यांनी केली होती. ती अर्थातच कोणी मानली नाही, पण माणूस कसा विचार करायचा ते त्यातून दिसतं: काही वाया जाऊ द्यायचं नाही, आणि लोक काय म्हणतील याची फिकीर करायची नाही. नंतर स्कॉटलंडमधल्या मद्यनिर्मितीच्या एका संशोधन केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काढली.

घराघरात ते पोचले ते १९७४ पासून, यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या एका प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमामुळे. प्रेक्षक शंका विचारायचे आणि पाइक दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत, शब्दांवर शब्द आदळत उत्तर द्यायचे. आपल्याकडे दूरदर्शनवर प्रा. यशपाल लोकांच्या शंकांना उत्तरं देत असत. ज्यांना ते आठवतं त्यांना पाइकचं स्थान कळेल. फरक एवढाच की यशपाल शांतपणे समजावत आणि पाइक वादळासारखे येत.

डॉल्बीला अशी हुबेहूब ‘वैज्ञानिक’ वाटणारी व्यक्ती हवी होती. एखादा नट घेता आला असता. त्याने खरा माणूस घेतला, आणि तो एक शब्द चाळीस वर्षं टिकला यामागे मला तेच कारण दिसतं. तो आवाज नक्कल करणाऱ्याचा नाही. आयुष्यभर ज्याने हा शब्द मनापासून उच्चारला त्याचा आहे.

५. पाइकना हे गाणं आवडलं होतं का?

डॉल्बीने सांगितलेल्या दोन आठवणी आहेत. पहिली रेकॉर्डिंगच्या वेळची. पाइकनी शब्दांवरच हरकत घेतली. आपण नावाजलेले वैज्ञानिक, मग एक मुलगी आपल्याला विज्ञानाने आंधळं करेल हे कसं शक्य आहे, असा त्यांचा सवाल होता. हरकत अगदी तर्काला धरून आहे, आणि गाण्याचं मर्म नेमकं तिथेच आहे, म्हणून मला ती फार आवडते.

दुसरी नंतरची. गाणं अमेरिकेत गाजल्यावर पाइक तिकडे गेले की रस्त्यात लोक मागून येऊन ‘सायन्स!’ असं ओरडायचे, आणि त्यांना त्याचा त्रास व्हायचा. अन्नाच्या रसायनशास्त्रावर हयात घालवलेल्या माणसाला परक्या देशाने एका शब्दावरून ओळखावं, याचं मला वाईट वाटतं.

६. डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतला डॉल्बीच का? की सिनेमागृहातला? हा माणूस त्याचा मालक आहे का?

हा प्रश्न साताऱ्या-कोल्हापूरकडून हमखास येतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, डॉल्बी लॅबोरेटरीज. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने स्थापन केलेली कंपनी. तिचं मूळ काम आवाज वाढवण्याचं नव्हतं, टेपवरची खरखर कमी करण्याचं होतं. जुन्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी एनआर’ असं बटण असायचं ते हेच. कॅसेटची खरखर मुख्यतः वरच्या, बारीक स्वरांच्या पट्ट्यात असते. म्हणून रेकॉर्ड करताना त्या पट्ट्यातले हळू आवाज मुद्दाम वाढवून टेपवर उतरवायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. गाणं मूळ पातळीवर येतं आणि खरखर त्याच्यासोबत खाली जाते, साधारण १० डेसिबलने. फार सुंदर युक्ती आहे. वर्गात मी ती आजही सांगतो.

दुसरी, आपल्याकडची मिरवणूक. स्पीकरच्या भिंतीला पश्चिम महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ म्हणतात. ते लोकांनी दिलेलं नाव आहे. त्या भिंतीचा खरखर कमी करण्याच्या तंत्राशी संबंध नाही.

तिसरा हा गायक. खरं नाव थॉमस मॉर्गन रॉबर्टसन, जन्म १९५८, लंडन. वडील मार्टिन रॉबर्टसन हे प्राचीन ग्रीक कलेचे मोठे अभ्यासक. मुलगा सदानकदा टेप आणि यंत्रांशी खटपट करत बसायचा म्हणून मित्रांनी ‘डॉल्बी’ असं चिडवायला सुरुवात केली, आणि त्याने तेच नाव घेतलं. पुढे कंपनीने त्याच्यावर दावा लावला. शेवटी ठरलं ते असं की ‘डॉल्बी’ हा शब्द त्याने एकटा वापरायचा नाही, ‘थॉमस’ सोबतच वापरायचा.

७. गाणं आधी झालं की व्हिडिओ?

व्हिडिओ. म्हणजे त्याचा आराखडा. डॉल्बीला दिग्दर्शन करायचं होतं. त्याने चित्रांची मालिका काढली: ‘मनोविकारग्रस्त वैज्ञानिकांचं निवासस्थान’, तिथे दाखल झालेला एक तरुण, त्याला तपासणारे वयस्क डॉक्टर, आणि एक मिस साकामोटो. रेकॉर्ड कंपनीला कल्पना पसंत पडली, त्यांनी गाणं मागितलं, तेव्हा गाणं नव्हतंच. ते नंतर लिहिलं गेलं. दिग्दर्शन डॉल्बीनेच केलं.

म्हणून शब्द ऐकताना कधी कधी पटकथेच्या सूचना ऐकतोय असं वाटतं. तिने सगळं आवरून ठेवलं आणि आता मला काहीच सापडत नाही, अशी तक्रार पाइक करतात. नळ्या, वायरी आणि जपून केलेल्या टिपणांचा उल्लेख डॉल्बी करतो. हे कवितेचे शब्द नाहीत, टेबलावर मांडून दाखवायच्या वस्तू आहेत.

८. इंग्लंडमध्ये ४९ आणि अमेरिकेत ५, असं कसं?

याची दोन उत्तरं आहेत. एक सर्वांना मान्य, दुसरं माझं.

सर्वमान्य उत्तर एमटीव्ही. ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. चोवीस तास गाण्यांचे व्हिडिओ दाखवायचे तर व्हिडिओ हवेत, आणि अमेरिकन कलाकारांकडे ते फारसे नव्हते. इंग्लंडच्या बँड्सना मात्र व्हिडिओ करायची सवय लागलेली होती. वाहिनीला जे मिळालं ते तिने पुन्हा पुन्हा दाखवलं. जुलै १९८३ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत जवळपास निम्मी ब्रिटिश कलाकारांची होती. ज्या गाण्याचा जन्मच व्हिडिओतून झाला (प्रश्न ७) त्याला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. मे १९८३ मध्ये ते पाचव्या क्रमांकावर पोचलं.

माझं उत्तर पाइकशी जोडलेलं आहे. इंग्लंडमध्ये पाइक रोजच्या ओळखीचे होते. त्यामुळे तिथल्या श्रोत्याला हे ‘टीव्हीवरच्या त्या काकांना घेऊन केलेलं गमतीचं गाणं’ वाटलं, आणि अशी गाणी दोन आठवड्यांत विरतात. अमेरिकेत त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तिथे हा माणूस कल्पनेतून उतरलेला वेडा वैज्ञानिक वाटला, आणि गाणं एका संपूर्ण जगासारखं दिसलं. तोच आवाज, तोच शब्द. फक्त ऐकणाऱ्याच्या गाठीशी काय होतं ते वेगळं.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. डॉल्बीची इंग्लंडमध्ये जास्त वर गेलेली गाणी वेगळीच आहेत. १९८२ चं ‘विंडपॉवर’ ३१ व्या क्रमांकावर गेलं आणि १९८४ चं ‘हायपरअ‍ॅक्टिव्ह!’ १७ व्या. आपल्या घरी त्याची ओळख या गाण्यावर उभी राहिली नाही.

९. म्हणजे तो एकाच गाण्याचा धनी, बरोबर?

अमेरिकेच्या क्रमवारीकडे पाहिलं तर तसं म्हणता येईल, आणि ‘एक गाणं गाजलं आणि गायब झाले’ अशा याद्यांत त्याचं नाव असतंच. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं.

या गाण्याआधीच तो फॉरिनर या मोठ्या अमेरिकन बँडच्या १९८१ च्या अल्बमवर सिंथेसायझर वाजवत होता. त्याआधी पॅरिसमध्ये मेट्रोत गाऊन पैसे मिळवत होता. फॉरिनरच्या कामाचे पैसे स्वतःच्या अल्बमला लागले. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर गायक डेव्हिड बोवीमागे कीबोर्डवर तो उभा होता. त्याच मंचावर त्याच्या पहिल्या अल्बमवर वाजवलेले दोघे, गिटारवर केविन आर्मस्ट्राँग आणि बासवर मॅथ्यू सेलिगमन, हेही होते. त्याच वर्षी ग्रॅमीच्या सोहळ्यात स्टीव्ही वंडर, हर्बी हँकॉक आणि हॉवर्ड जोन्स यांच्यासोबत चौघांनी मिळून सिंथेसायझर वाजवले. २००१ पासून साधारण दशकभर तो टेड या व्याख्यानांच्या परिषदेचा संगीत दिग्दर्शक होता आणि २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवू लागला. आणि मोबाइलमधलं काम आहेच (प्रश्न १६).

त्याला खरा फटका बसला तो दुसरीकडे. १९८४ चा त्याचा दुसरा अल्बम, ‘द फ्लॅट अर्थ’, शांत, सावकाश, पावसाळी संध्याकाळसारखा आहे. चष्मेवाल्या वेड्या वैज्ञानिकाची वाट पाहणाऱ्यांना तो भेटलाच नाही. तो अल्बम जरूर ऐका.

१०. मी पहिला अल्बम घेतला, त्यात हे गाणंच नाही! फसवणूक झाली का?

नाही. ‘द गोल्डन एज ऑफ वायरलेस’ १९८२ च्या पूर्वार्धात निघाला, तेव्हा हे गाणं जन्मालाच आलं नव्हतं. गाजल्यावर १९८३ च्या आवृत्तीत ते घातलं गेलं. जुनी रेकॉर्ड विकत घेताना पाठीमागची गाण्यांची यादी वाचा. गाण्याचीही दोन रूपं फिरतात: साधारण पावणेचार मिनिटांचं आणि पाच मिनिटांच्या वरचं. मोठ्या रूपात वाद्यांना जास्त वाव आहे.

११. नक्की कोणती वाद्यं आहेत? सगळं कॉम्प्युटरवर केलंय का?

त्या काळच्या मानाने बरंच, पण सगळं नाही. डॉल्बीकडे पीपीजी या जर्मन कंपनीचं ‘वेव्ह कॉम्प्युटर’ होतं. वोल्फगांग पाल्म यांनी घडवलेलं. त्यातलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे.

त्याआधीचे बहुतेक सिंथेसायझर एक साधी लहर घेत (करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी) आणि गाळणीतून तिचा काही भाग काढून टाकत. म्हणजे दगड तासून मूर्ती काढावी तसं. पाल्म यांनी वेगळाच मार्ग धरला. लहरींचे लहान लहान नमुने आकड्यांच्या रूपात एका तक्त्यात ओळीने साठवायचे, आणि सूर वाजत असताना त्या तक्त्यातून एका नमुन्यावरून पुढच्यावर सरकत जायचं. सूर तोच राहतो, पण त्याचा पोत वाजता वाजता बदलतो. मऊ सुरुवात होऊन मध्येच काचेसारखा टणक होतो. ‘ओ’ म्हणत म्हणत ओठ न थांबवता ‘ई’कडे जा. सूर बदलत नाही, रंग बदलतो. तेच.

बाकी माणसं आहेत. सेलिगमनने मूग सिंथेसायझरवर बास वाजवला आहे. २०२० मध्ये कोविडने तो गेला. ती बातमी आली त्या रात्री मी फक्त बास ऐकू यावा म्हणून वरचे स्वर पूर्ण कमी करून हे गाणं लावलं. एकही सूर आखल्यासारखा सरळ पडत नाही. किंचित मागे रेलून, मग पुढे उडी मारून चालतो. ड्रम यंत्राचा असूनही गाणं नाचतं ते या हातामुळे. व्हायोलिन सायमन हाउसचं, आणि मागे गाणारा बायकी आवाज मिरियम स्टॉकलीचा.

१२. मिस साकामोटो खरी कोणी होती का?

ती व्हिडिओतलं पात्र. पण नाव ऐकल्यावर त्या काळच्या सिंथेसायझर ऐकणाऱ्यांना जपानचे रियुइची साकामोटो आठवले असणार, कारण त्यांचा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा बँड तेव्हा या क्षेत्रात सगळ्यांच्या पुढे होता. डॉल्बीच्या पहिल्या अल्बमवर अकिको यानो गायली आहे. ती साकामोटोंची त्यावेळची पत्नी. पुढे १९८५ मध्ये डॉल्बी आणि साकामोटो यांनी ‘फील्ड वर्क’ हे गाणं एकत्र केलं. त्यामुळे हे नाव सहज सुचलं असेल असं मला वाटत नाही.

१३. प्रयोगशाळेतली बाई दिसली की ‘तू सुंदर आहेस’! हे आज चालतं का? माझी मुलगी बीएस्सीला आहे, तिला हे खटकलं.

मुलीचं बरोबर आहे. मिस साकामोटोला गाण्यात एकही वाक्य नाही. तिच्याकडे पाहणारे दोन पुरुष आहेत, एक गाणारा आणि एक ओरडणारा, आणि आपल्याला ती त्यांच्याच नजरेतून दिसते. जपानी नाव लावून तिला आणखी ‘वेगळी’ केलं आहे. याची सफाई मी देणार नाही.

तरी मुलीला शीर्षक पुन्हा वाचायला सांगा. वाक्याचा कर्ता कोण आहे? ती. विज्ञान कोणाच्या हातात आहे? तिच्या. प्रश्न ३ मधला वाक्प्रचार आठवा: तज्ज्ञ माणूस अडाण्याला विज्ञानाने आंधळं करतो. इथे तज्ज्ञ ती आहे आणि गोंधळून गेलेला तो. पाइकना स्टुडिओत जे पटेना (प्रश्न ५) ते हेच. मग तो बिचारा करतो काय? तिच्या विज्ञानाला उत्तर सापडत नाही म्हणून तिच्या रूपावर येतो. माझ्या वर्गातल्या मुलींना हा अनुभव नवा नाही. प्रात्यक्षिकात अचूक उत्तर आलं की ‘अक्षर छान आहे’ असं ऐकायला मिळतं.

गाणं इतकी वर्षं वाजलं, पण लोकांनी एकच शब्द उचलला, तो ओरडलेला. ‘ती’ कोणी ऐकलीच नाही. माझ्याकडे हे गाणं पहिल्यांदा आलं ते दुकानात यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेटवर, आणि दुकानदाराने पाठीवर बॉलपेनने लिहिलं होतं: ‘सायन्स साँग’. तीही त्यातलीच गोष्ट.

१४. विज्ञानाची टिंगल आहे का ही? २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिनाला लावावं का?

टिंगल नाही. वैज्ञानिक स्वतः आवाज द्यायला येतो तिथे तिरस्कार नसतो. पण यात शिकण्यासारखं विज्ञानही नाही. एकही नियम नाही, एकही शोध नाही. विज्ञानाचं सगळं सामान आहे: नळ्या, वायरी, वही.

लावायचं तर लावा, मात्र नुसतं नाचायला नको. आधी प्रश्न ६ मधली खरखर घालवण्याची युक्ती दाखवा, जुना डेक मिळाला तर बटण चालू-बंद करून ऐकवा. मग प्रश्न ३ मधला पाण्याचा प्रयोग शिक्षकांनी करून दाखवावा. मुलं घरी जाऊन आजीला सांगतील. माझ्या अनुभवात आठवीच्या पुढच्या मुलांना हे उत्तम कळतं.

१५. त्या वेळी आपल्याकडे सिंथेसायझर होते का?

होते, आणि त्याच वर्षी मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडत होती. हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड केले. रोलँडची तीन यंत्रं वापरली: टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली, फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण पुढे शिकागोत जन्मलेल्या नृत्यसंगीताचा आवाज त्यात आधीच होता. डॉल्बीला लगेच श्रोते मिळाले, चरणजीत सिंगना जवळजवळ तीस वर्षं थांबावं लागलं. २०१५ मध्ये ते गेले. निदान कौतुक त्यांच्या कानावर पडलं.

१६. माझ्या जुन्या नोकियाची रिंगटोन याच माणसाने केली म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. डॉल्बीने १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली. ती पुढे ‘बीटनिक’ म्हणून ओळखली गेली. तिने इवल्याशा जागेत मावणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर तयार केला आणि नोकियाने तो घेतला. एकाच वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या रिंगटोन त्यावर चालायच्या. म्हणजे धून वाजवणारं वाद्य त्याच्या कंपनीचं. नोकियाची ओळखीची धून मात्र स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगा यांच्या गिटाररचनेतली आहे, शंभर वर्षांपूर्वीची.

आणि एक अपवाद, ज्यावर पैजा लागतात. ३३१० आणि ११०० या फोनना हे लागू नाही. ते एका वेळी एकच सूर वाजवत, साध्या ‘पीप-पीप’ आवाजात. याउलट, तबला आणि व्हायोलिन एकत्र ऐकवणारे नोकियाचे फोन आठवा. एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये, वर्गात भर तासाला वाजणारे. त्यांत हे वाद्य होतं.

१७. रॅपमध्ये ही धून ऐकल्यासारखी वाटते.

बरोबर ओळखलंत. न्यूयॉर्कच्या मॉब डीप या जोडीने २००४ मध्ये ‘गॉट इट ट्विस्टेड’ या गाण्यात ती वापरली.

१८. विज्ञानावरची अशी आणखी गाणी आहेत का? त्यांचं काय झालं?

एकच सांगतो, कारण त्याचं स्वागत अगदी उलट झालं. ओएमडी या इंग्लिश बँडने १९८३ च्या सुरुवातीला ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’ हे गाणं काढलं. त्यात लहान मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या ‘स्पीक अँड स्पेल’ या बोलक्या खेळण्याचा यांत्रिक आवाज वापरला आहे. ते इंग्लंडमध्ये २० व्या क्रमांकावर गेलं, म्हणजे डॉल्बीच्या या गाण्यापेक्षा वर, पण ज्या अल्बमवर ते होतं तो आधीच्या अल्बमच्या तुलनेत खूपच कमी खपला. लोकांना वाटलं हे जनुकशास्त्राच्या विरोधातलं गाणं आहे. बँडच्या अँडी मॅक्लस्कींनी नंतर सांगितलं की तसा हेतू नव्हता. डॉल्बीने विज्ञानातून प्रेमकथा काढली म्हणून लोक हसले, यांनी विज्ञान विज्ञानासारखंच मांडलं तर लोक बिचकले.

१९. पहिल्यांदाच ऐकणार आहे. कसं ऐकू?

आधी व्हिडिओ नको, जन्माचा क्रम तसा असला तरी (प्रश्न ७). हेडफोन लावा आणि मोठं रूप घ्या (प्रश्न १०). पहिल्या फेरीत फक्त बासच्या मागे जा. दुसऱ्या फेरीत पाइकच्या प्रत्येक वाक्यानंतर किती वेळ मोकळा सोडला आहे ते पाहा, कारण निर्मात्यांनी त्या आवाजाला वाद्यासारखी जागा दिली आहे. तिसऱ्या फेरीत व्हायोलिन येईपर्यंत थांबा. मग व्हिडिओ लावा आणि मिस साकामोटो पडद्यावर असेल तेव्हा नजर तिच्यावर ठेवा, त्या दोघांवर नको.